मेर्सी म्हटलं आणि बटाटे निघून गेले (फ्रेंच घरात राहिलेल्यांनी मदत करा)

ओली_भेळ · २४ सप्टेंबर, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. चार वर्षं वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी नाशिकची. सप्टेंबरच्या सुरुवातीला रेनला शिकायला आले. रेन म्हणजे फ्रान्सच्या पश्चिमेला, ब्रिटनीत, पॅरिसहून टीजीव्ही या वेगवान रेल्वेने दीड तास. हॉस्टेल मिळालं नाही म्हणून एका कुटुंबात राहते. काका-काकू पन्नाशीचे, पंधरा वर्षांचा मुलगा आणि एक म्हातारं, माझ्यावर नाराज असलेलं मांजर. खोली, सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण असा करार आहे. दुपारी विद्यापीठाच्या खानावळीत स्वस्तात भागतं. माणसं चांगली आहेत, हे आधीच सांगते.

अडचण अशी की मी तीन आठवडे अर्धपोटी झोपते आहे.

पहिल्याच रात्री काकूंनी ओव्हनमधून बटाट्याचं ग्रातँ काढलं. वरची साय खरपूस, कडेला तांबूस झालेली, आतून अजून बुडबुडे येत होते. मला एक डाव वाढलं. संपल्यावर काकूंनी भांडं उचलून विचारलं, आणखी? मी खूश होऊन मान डोलावली आणि म्हटलं, "मेर्सी!" भांडं माझ्या नाकासमोरून मुलाकडे गेलं. त्याने कडासुद्धा खरवडल्या.

तेव्हापासून रोज हेच. शिवाय मला पहिल्या फटक्यात "हो, वाढा" म्हणवत नाही. आमच्याकडे पहिलं "नको" कोणी मोजतच नाही, आजीच्या हिशेबात तर तिसरंही नाही. इथे एकदाच विचारतात आणि विषय संपतो.

"घरच्यासारखी राहा" असं पहिल्या दिवशीच सांगितलंय. पण म्हणजे फ्रिज उघडायचा का? रात्री अकराला आईने दिलेला चिवडा खोलीत बसून खाते. पिशवीचा आवाज होऊ नये म्हणून एकेक शेंगदाणा काढते. आणि "नको" म्हटल्यावर परत विचारत नाहीत, यात राग मानायचा की नाही?

दुपारची_झोप · २४ सप्टेंबर, रात्री ११:३१

चिवडा वाटीत ओत ना बाई. पिशवीचा प्रश्न मिटला. बाकी जाणकार सांगतीलच.

तिसरा_डबा · २५ सप्टेंबर, सकाळी ७:०५

सात वर्षं ल्योंमध्ये काढली आहेत, त्यातलं पहिलं वर्ष अशाच एका घरात. तुझा घोटाळा एका शब्दाचा आहे. कोणी काही देऊ केलं आणि तू नुसतं "मेर्सी" म्हणालीस, की त्याचा अर्थ "नको, आभारी आहे". हवं असेल तर "वी, व्होलोंतिए" म्हणायचं. म्हणजे "हो, आनंदाने". किंवा "अव्हेक प्लेझीर". पहिल्या फटक्यात. लाजायचं नाही.

रागाचं म्हणशील तर मानू नकोस. त्यांच्या बाजूने पाहा. मोठ्या माणसाने एकदा "नको" म्हटलं, तरी पुन्हा विचारायचं म्हणजे त्याच्या शब्दावर विश्वास नाही असं होतं. त्यांच्या लेखी न विचारणं हाच मान.

एक जुना शिष्टाचारही लक्षात ठेव. सूप, सॅलड आणि चीज दुसऱ्यांदा घेत नाहीत. चीजची पाटी एकदा फिरते, तेव्हाच काय ते घे. रोजच्या जेवणात आता हे फारसं कोणी पाळत नाही, पण सासूबाई जेवायला असतील तर पाळतात. मुख्य पदार्थ मात्र खुशाल मागून घ्यावा. उलट मागितला तर करणारी सुखावते.

आणि त्रिकोणी ब्री चीजचं टोक कापून घेऊ नकोस. तो मधला मऊ भाग सगळ्यांना मिळावा म्हणून लांबीच्या दिशेने कापायचं. मी पहिल्या रविवारी टोक उडवलं होतं. सात वर्षं झाली, त्या घरी गेलो की अजून तो विषय निघतो.

कडक_इस्त्री · २५ सप्टेंबर, सकाळी ९:४०

मला यात भावनिक होण्यासारखं काही दिसत नाही. तुम्ही पैसे देता, ते जेवण देतात. पुण्यात पेइंग गेस्ट राहिलात तर कोण आग्रह करतं? हक्काने मागा. आणि "मोठ्या माणसाच्या शब्दाचा मान" वगैरे गोड कारणं पुरे झाली. युरोपातली माणसं मोजूनमापून रांधतात. चार माणसं, चार बटाटे. आग्रह करायला भांड्यात उरलेलं असावं लागतं.

दुपारची_झोप · २५ सप्टेंबर, सकाळी ९:४६

पुण्याचा उल्लेख तिसऱ्या प्रतिसादात. पैज हरलो, मला वाटलं होतं दुसऱ्यातच येईल.

सांजवात · २५ सप्टेंबर, दुपारी १:१५

कडक_इस्त्री, अजिबात पटलं नाही.

मी ग्रेनोबलला ८१ वर्षांच्या एका आजींकडे राहत होते. तिकडे अशी सोय आहे, की एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी विद्यार्थ्याने राहायचं, भाडं नाममात्र किंवा नाहीच, बदल्यात रात्री घरी असायचं आणि थोडी सोबत करायची. ऑगस्ट २००३ च्या उष्णतेच्या लाटेत फ्रान्समध्ये सुमारे १५ हजार माणसं गेली, त्यात एकटे राहणारे म्हातारेच फार होते. सुट्टीचे दिवस, मुलंबाळं समुद्रावर, डॉक्टरही रजेवर. त्यानंतर अशा संस्था निघाल्या, आणि २०१८ च्या एका कायद्याने या राहण्याला रीतसर जागाही दिली.

तर या आजी. रोज संध्याकाळी सातला टेबलावर माझी सुती नॅपकिन माझ्या लाकडी कड्यात अडकवलेली असायची. प्रत्येकाचं कडं वेगळं, म्हणजे नॅपकिन आठवडाभर तीच. सूप झालं की त्या माझ्या ताटाकडे बघून म्हणायच्या, चिमणीसारखी खातेस. हो, त्यांच्याकडेही चिमणीच! मी "नको" म्हटलं की चमचा आधीच ताटात आलेला असायचा. माझी पणजी वाढायची तशा. आग्रह हा पिढीचा आणि घराचा प्रश्न आहे, देशाचा नाही. ज्यांनी महायुद्धानंतरची टंचाई पाहिली त्या बायका पावाचा चुराही टेबलावरून तळहाताने गोळा करून तोंडात टाकतात. त्या मोजून कशा रांधतील?

बरं, पाव. पाव थेट टेबलक्लॉथवर ठेवतात, ताटलीत नाही. मला पहिले काही दिवस ते खरकटं खरकटं वाटायचं. एकदा मी पाव पालथा ठेवला तर आजींनी काही न बोलता उचलून सरळ केला. पालथा पाव म्हणजे घरावर संकट. फाशी देणाऱ्याचा पाव बेकरीवाला तसा उलटा ठेवायचा म्हणे, दुसऱ्या कोणी चुकून उचलू नये म्हणून.

कडक_इस्त्री · २५ सप्टेंबर, दुपारी १:५०

तुमच्या आजी अपवाद. नियम तोच.

खमंग_काकडी · २५ सप्टेंबर, रात्री ९:१०

अपवाद नाही हो. माझी गोष्ट १९९८ ची. कॉलेजातर्फे उन्हाळ्यात तीन आठवडे नॉर्मंडीत एका शेतकरी कुटुंबात होते. गाईंचा गोठा, सफरचंदाची बाग, घरात तीन पिढ्या. रविवारचं जेवण साडेबाराला सुरू, चारला संपणार. आणि मध्यावर एक प्रकार असतो, त्रू नॉर्मां, म्हणजे सरळ सरळ "नॉर्मंडीचं भोक". जेवता जेवता थांबायचं, सफरचंदाची कडक ब्रँडी, कॅल्वाडोस, घोटभर प्यायची आणि पोटात भोक पाडून पुढच्या पदार्थांना जागा करायची. पुढचं खाता यावं म्हणून ज्यांनी पोटाला भोक पाडायची युक्ती काढली, त्यांना आग्रह कळत नाही म्हणता?

मी पीत नव्हते, त्यामुळे माझ्या पोटाला भोक पडेना. तिसऱ्यांदा वाढायला आले तेव्हा मी डिक्शनरीतून जुळवून मोठ्याने सांगितलं, "झ स्वी प्लेन." माझ्या हिशेबाने "माझं पोट भरलं". टेबलावर एकदम शांतता. मग आजोबांनी काटा खाली ठेवला आणि विचारलं, "कधी विणार?"

हा शब्द ते गाईम्हशींना वापरतात. मी बारा माणसांसमोर सांगितलं होतं की मी गाभण आहे. उरलेले दोन आठवडे आजोबा सकाळी गोठ्यात जाताना माझी तब्येत विचारायचे.

ओली_भेळ, पोट भरलं तर "जे बियाँ माँजे" म्हण. मी छान जेवले. बस्स.

दुपारची_झोप · २५ सप्टेंबर, रात्री ९:१४

कधी विणार!!! ऑफिसच्या बसमध्ये मोठ्याने हसलो, शेजारचा उठून गेला.

ओली_भेळ · २६ सप्टेंबर, रात्री १०:५०

सगळ्यांचे आभार. (आभार म्हणजे "नको" नाही, अजून सल्ले वाढा.)

तिसरा_डबा, आज "वी, व्होलोंतिए" म्हटलं. काकूंच्या चेहऱ्यावर स्पष्ट सुटका दिसली. म्हणाल्या, मला वाटत होतं तुला माझं जेवण आवडतच नाही. तीन आठवडे दोघी एकमेकींना घाबरत होतो! आज मसूरसारखी हिरवी डाळ होती, दोनदा घेतली.

फक्त खाली तळाशी बारीक चौकोनी तुकडे निघाले. गाजर समजून खाणार होते, ते डुकराचं मांस होतं. मी शाकाहारी आहे हे सांगितलेलं आहे. काकू म्हणाल्या, "पण ते लार्दाँ आहेत, अगदी थोडे."

आणि एक कबुली. परवा वेळ होता म्हणून तूप कढवलं. दुकानातून चांगलं सोनेरी कागदातलं लोणी आणलं. तूप रवाळ झालं, रंगही सुरेख. बेरीत साखर घालून चमचाभर तोंडात टाकली तर समुद्र. ब्रिटनीत लोणी खारंच मिळतं हे मला कोणी सांगायचं?

हिंग_पुडी · २६ सप्टेंबर, रात्री ११:३०

लार्दाँ म्हणजे तिकडची कोथिंबीर समज. किश, सॅलड, बटाटे, डाळ, सगळ्यावर पडते. "मी मांस खात नाही" एवढं पुरत नाही. "लार्दाँ नको, हॅम नको, चिकनचा रस्सा नको, मासे नकोत" असं नाव घेऊन सांगायचं. भाज्यांच्या सूपमध्येही कोंबडीच्या अर्काची वडी टाकतात.

खारं तूप फेकू नकोस. मीठ बरंचसं बेरीतच खाली बसतं, वरचं तूप वरण-भाताला चालून जातं.

तिसरा_डबा · २७ सप्टेंबर, सकाळी ८:२०

अवांतर, पण राहवत नाही. त्या खाऱ्या लोण्याचं कारण कर आहे. जुन्या राजवटीत फ्रान्सभर मिठावर गाबेल नावाचा कर होता, कुठे कुठे जबर. ब्रिटनीला तो माफ होता, शिवाय मिठागरं दारात. म्हणून इतरांनी लोणी अळणी खाल्लं आणि यांनी मीठ घालून टिकवलं. गाबेल १७९० मध्ये रद्द झाला, पण जिभेची सवय सुटली नाही. मिठाच्या करावरून काय काय घडू शकतं हे आपल्याला कोणी सांगायला नको.

कडक_इस्त्री · २७ सप्टेंबर, सकाळी ८:५५

शाकाहारी मंडळींच्या माहितीसाठी: कोंते, रोकफोर, बोफोर या चीजमध्ये जनावराच्या पोटातलं, दूध साकळवणारं रेनेट असतं. आता खा.

सांजवात · २७ सप्टेंबर, सकाळी ९:०२

ही माहिती देण्याची वेळ तुम्ही बरोबर साधली. मुलगी आत्ता कुठे पोटभर जेवली होती.

कडक_इस्त्री · २७ सप्टेंबर, सकाळी ९:०५

माहिती खोटी आहे का?

हिंग_पुडी · २७ सप्टेंबर, सकाळी ९:३०

खोटी नाही. प्रदेशाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या जुन्या चीजना बहुतेक वेळा तेच लागतं. ज्याला चालत नाही त्याने वेष्टनावर "प्रेझ्युर" (म्हणजे रेनेट) शब्द वाचावा, वनस्पतीजन्य किंवा सूक्ष्मजीवांपासूनचंही मिळतं. ज्याला चालतं त्याने वाचू नये. मी वाचत नाही.

माझ्याकडे एक फोडणीची गोष्ट आहे. तुलूझला एका घरी राहत होतो. काकांनी हौसेने सांगितलं, शनिवारी तू तुमचं काहीतरी कर. मी वरण केलं. तेल तापलं, मोहरी तडतडली, हिंग पडला, आणि छतावर किंचाळी. ८ मार्च २०१५ पासून तिथे प्रत्येक घरात धुराचा अलार्म सक्तीचा आहे, हे मला माहीत नव्हतं. काकू टॉवेल घेऊन अलार्मला वारा घालतायत, मुलं कानावर हात ठेवून बागेत. काका मात्र डबी हुंगत उभे. म्हणाले, याला आमच्याकडे जुनं नाव आहे, "सैतानाची विष्ठा". मग दोन वेळा वरण-भात घेतला. पुढे दर शनिवारी अलार्मवर शॉवर कॅप चढवायचं काम त्यांच्याकडे होतं.

(कायद्याने असं करू नये. खिडक्या उघडून, मागच्या शेगडीवर, मंद आचेवर फोडणी करावी.)

दुपारची_झोप · २७ सप्टेंबर, सकाळी ९:४१

मी फक्त अंघोळीबद्दल बोलणार. बऱ्याच घरांत विजेची टाकी असते, ती रात्री स्वस्त दरात तापते. ते पाणी सगळ्यांचं, दिवसभराचं. मी पहिल्या सकाळी अर्धा तास गाणी म्हणत शॉवर घेतला. माझ्यानंतर तीन माणसं होती. संध्याकाळी बाथरूमच्या दारावर हसऱ्या चेहऱ्याचं चित्र आणि "५ मिनिटं" अशी चिठ्ठी. बादली-तांब्या असता तर सगळ्यांचं भागलं असतं, हे मी त्यांना पटवू शकलो नाही.

आणि स्वेटर आणले नसतील तर घे. थंडीत घर १९ अंशांवर ठेवायचं ही सरकारी शिकवण आहे, आणि ती ते मनापासून पाळतात.

गोदाकाठ · २७ सप्टेंबर, दुपारी ४:००

ओली_भेळ, मीही नाशिकचीच. तुला एक सावधगिरीचं सांगते, कारण दसरा-दिवाळी तोंडावर आहे आणि तुला टेबलावर फुलं ठेवावीशी वाटणार.

शेवंती नेऊ नकोस.

गेल्या वर्षी मी तूर शहरात एका काकूंकडे होते. २०२४ ला लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं. आठवडाभर आधीपासून सगळ्या दुकानांबाहेर शेवंतीच्या कुंड्याच कुंड्या. पिवळ्या, पांढऱ्या, विटकरी, माणसाच्या डोक्याएवढे गेंद. मला भरून आलं, वाटलं नाशिकच्या रविवार कारंजावरच उभी आहे. दोन पिवळ्या कुंड्या घेतल्या, घरी जेवणाच्या टेबलावर ठेवल्या, एक पणती लावली. काकूंच्या आई आलेल्या होत्या, ऐंशीच्या पुढच्या. त्या दारात थबकल्या आणि एकदम मुलीकडे बघायला लागल्या.

१ नोव्हेंबर म्हणजे तूसाँ, सर्व संतांचा दिवस. त्या सुमारास सगळा फ्रान्स आपापल्या माणसांच्या थडग्यांवर शेवंती ठेवून येतो. पहिल्या महायुद्धानंतर ही रीत फारच पक्की झाली. तिकडे शेवंती घरात आणत नाहीत. मी आजींच्या ताटासमोर स्मशानातली फुलं मांडली होती.

काकूंनी मला समजावलं तेव्हा मला रडू फुटलं. मी म्हटलं, आमच्याकडे ही देवाला वाहतात, वेणीत माळतात. आजी ते ऐकत होत्या. मग त्या उठल्या, एक कुंडी उचलून माझ्या हातात दिली, दुसरी स्वतः घेतली, आणि कोट घालायला लागल्या. आम्ही तिघी त्यांच्या यजमानांच्या थडग्यावर गेलो. लाल ग्रॅनाइट, त्यावर ओली पानं चिकटलेली. आजींनी रुमालाने नाव पुसलं. मला काय करावं कळेना, म्हणून मी नमस्कार केला. परतताना आजींनी माझा दंड धरला होता, उतारावर निसरडं होतं म्हणून.

संध्याकाळी पणती टेबलावर तशीच ठेवली.

सांजवात · २७ सप्टेंबर, दुपारी ४:२२

गोदाकाठ, काय लिहिलंयस गं.

तिसरा_डबा · २७ सप्टेंबर, संध्याकाळी ६:१०

दसऱ्याला झेंडू चालेल. त्याला फ्रेंचमध्ये "हिंदुस्थानचा कार्नेशन" म्हणतात, इंग्रजीत त्याच फुलाला "फ्रेंच" झेंडू म्हणतात, आणि मूळचा तो मेक्सिकोकडचा. दोघांनीही दुसऱ्याच्या गळ्यात घातला.

ओली_भेळ · २७ सप्टेंबर, रात्री ११:०५

गोदाकाठ, बरं झालं सांगितलंत. आज शनिवारचा लीसचा बाजार बघायला गेले होते आणि पांढऱ्या शेवंतीपाशी पाच मिनिटं उभी होते. खरंच. घेतली नाही, कारण त्याच पैशात गालेत खाल्ली. गालेत म्हणजे कुट्टूच्या पिठाचं काळसर धिरडं. हॅम काढायला सांगितलं, बाईंनी दोनदा खात्री करून घेतली की मी बरी आहे ना.

पण माझा फ्रिजचा प्रश्न राहिलाच. पोट भरतंय, तरी अकराला भूक लागते, कारण आठला जेवण आणि मी एकपर्यंत जागी. फ्रिज उघडू का?

हिंग_पुडी · २८ सप्टेंबर, सकाळी १०:००

विचारून टाक, "माझा कप्पा कुठला?" बहुतेक घरांत देतात. तुझ्या कप्प्यात तुझं. मुलाच्या पुडिंगला हात लावू नकोस, पंधरा वर्षांची मुलं मोजून ठेवतात.

खमंग_काकडी · २८ सप्टेंबर, दुपारी १२:१५

मी सांगू? गुरुवारी दसरा आहे. तूच काहीतरी करून फ्रिजमध्ये ठेव. मग फ्रिज आपोआप तुझा होतो.

श्रीखंड कर. चक्का मिळत नाही म्हणून अडू नकोस, फ्रोमाज ब्लाँ आण, म्हणजे दह्यासारखं मऊ ताजं चीज. शून्य टक्केवालं नको, पाणचट होतं. फेसेल मिळालं तर उत्तम, ते जाळीच्या भांड्यातच येतं, निम्मं पाणी आधीच गळलेलं. एक किलो रात्रभर फडक्यात टांगून ठेव, सकाळी निम्म्याच्या आसपास चक्का होतो. आपल्या चक्क्याइतका आंबट नसतो, तेव्हा साखर बेताने. वेलची कुटून, केशर असेल तर दुधात. उपासाची आठवण आली तर साबुदाणाही मिळतो, "जपानचे मोती" या नावाने. पण तो बारीक असतो, खिचडीचा लगदा होतो. खीर कर.

कडक_इस्त्री · २८ सप्टेंबर, दुपारी १:००

चक्का टांगायला जागा लागते. नळाला टांगला तर त्यांचं अख्खं स्वयंपाकघर अडेल. स्टुलं असतात, ती उलटी करून चार पायांना फडकं बांधावं. आमच्या आई असंच करायच्या.

दुपारची_झोप · २८ सप्टेंबर, दुपारी १:०४

कडक_इस्त्रींचा पहिला प्रेमळ प्रतिसाद. तारीख लिहून ठेवा.

ओली_भेळ · ३ ऑक्टोबर, रात्री १२:४०

उशीर झाला, पण सांगितल्याशिवाय झोप येणार नाही.

बुधवारी रात्री स्टूल उलटं केलं. (कडक_इस्त्री, झकास युक्ती.) आईने औक्षणाच्या सामानाबरोबर एक पंचा दिला होता, तो बांधला, खाली सॅलडचं भांडं. मांजर रात्रभर समोर बसून थेंब पडताना बघत होतं. पहिल्यांदाच आमचं काहीतरी जुळलं. काका सकाळी कॉफीचा वाडगा घेऊन आले, पाहिलं, एक बोट लावलं आणि म्हणाले, "पा माल." म्हणजे "वाईट नाही". मी खट्टू झाले, तर मुलगा म्हणाला, बाबा याच्यापेक्षा मोठं कौतुक करत नाहीत.

संध्याकाळी झेंडूची चार फुलं टेबलावर, उंबऱ्याला रांगोळी म्हणून मीठच वापरलं. पुऱ्या लाटायला रिकामी वाइनची बाटली. अलार्म वाजला नाही, तीन खिडक्या उघड्या होत्या आणि सगळे कोट घालून बसले होते. श्रीखंड वाढलं. काकूंनी चाखलं, डोळे मिटले. वाटी संपली. मी डाव घेऊन विचारलं, आणखी?

काकू म्हणाल्या, "मेर्सी."

आणि मी, एवढं सगळं शिकलेली शहाणी, भांडं उचलून मुलाकडे दिलं. त्याने भरपूर घेतलं. बाकीचं झाकून फ्रिजमध्ये ठेवलं.

आत्ता, तासाभरापूर्वी, पाणी प्यायला खाली गेले. स्वयंपाकघरात दिवा नव्हता, फ्रिजचा उजेड होता. काकू गाऊनमध्ये, अनवाणी, फ्रिजला टेकून उभ्या, हातात श्रीखंडाचं भांडं. मला बघून दचकल्या नाहीत. ड्रॉवर उघडून दुसरा चमचा काढला आणि माझ्यापुढे धरला.

मी "वी, व्होलोंतिए" म्हटलं.

हिंग_पुडी · ३ ऑक्टोबर, सकाळी ७:५०

वा! म्हणजे चिवडा संपला की आता काय करणार हा प्रश्न मिटला.

खमंग_काकडी · ३ ऑक्टोबर, सकाळी ८:३०

आणि पंचा गार पाण्यात धू गं लगेच, नाहीतर आंबूस वास जात नाही. त्यांच्या वॉशिंग मशीनमध्ये टाकू नकोस.

ओली_भेळ · ३ ऑक्टोबर, सकाळी ८:४४

टाकला.